साध्या खाद्याचा पिंजरा

माझ्या हातात काळा चिंचोका आला तेव्हा तलावाच्या पाळीवर जमलेल्या साऱ्या जणी माझ्या तळहाताकडे वाकल्या.

रेहाना मॅडमनं पितळी लोट्यात सहा चिंचोके टाकले होते. तीन अख्खे, काळेभोर. तीन भाजून सोललेले, पांढरे. आम्ही सहा जणी आणि तलावात तरंगणारे आमचे सहा पिंजरे. डोळे मिटून लोट्यात हात घालायचा. पांढरा निघाला तर तिच्या पिंजऱ्यातल्या माशांना पाल्याचं खाद्य, काळा निघाला तर साधं. माझ्याआधी देवांगनाला काळा आला होता, आणि निखारा धरावा तसा तिनं तो बोटांच्या टोकावर धरला होता. माझी धाकटी जाऊ पुस्तकला, तिला पांढरा आला. पण माझा काळा पाहून तिचं तोंड माझ्याहून जास्त उतरलं.

"शांताताई, नको असेल तर आत्ताच सांगा," मॅडम म्हणाल्या. "एकदा सुरू झालं की मध्येच बदलता येणार नाही. कोणालाच."

"आला तो आला," मी म्हणाले आणि चिंचोका कनवटीला लावला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचं गाव खापरटोला, धानाच्या मुलखातलं. मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आणि त्याच्या काठी आम्हा ढिवरांची वस्ती. पुरुष जाळं टाकायचे, बाया मासळी विकायच्या, पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. मग सरकारी योजनेतून आमच्या बचतगटाला पिंजरे मिळाले. लोखंडी चौकट, तिला खाली लोंबणारी जाळी, आत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि खाऊ घालून मोठी करायची. मासा पकडायचा नाही, पोसायचा. आमच्या सासवांना हे ऐकून हसू आलं होतं.

पोसायला लागल्यावर कळलं की पोसलेला मासा आजारीही पडतो. थंडी पडली की त्याच्या पोटाला लाल चट्टे यायचे, परांच्या मुळाशी रक्त साकळायचं, मग जखमा व्हायच्या आणि मासा कड घेऊन पाण्यावर यायचा. एकाला झालं की दाटीतल्या साऱ्यांना. पुरुषांच्या सोसायटीचे अध्यक्ष बकाराम दुधपचारे यांनी त्यावर उपाय आणला होता. कोंबड्यांना देतात ती पिवळी भुकटी. खाद्यात मिसळायची, उरलेली पाण्यातही सोडायची. पहिल्या वर्षी जादू झाल्यासारखे मासे वाचले. दुसऱ्या वर्षी भुकटी दुप्पट लागली. तिसऱ्या वर्षी मूठमूठ टाकूनही निम्मे गेले, तरी टाकणं काही कोणी सोडलं नाही.

सोडलं ते एकटीनं मी. रेहाना मॅडम आल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी माझ्या पिंजऱ्यात भुकटी टाकली नाही, आणि गावात सगळ्यात जास्त मासे माझे मेले. बकारामजी पाळीवर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, की बाईमाणसाचा हट्ट मासळीला भोवतो. भुकटी का सोडली हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात फक्त मालकांना, माझ्या नवऱ्याला, ठाऊक होतं. ते त्याआधीच्या दुखण्यापासून घरी बसून जाळी विणायचे.

रेहाना मुकादम मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. मासळी विद्यालयात शिकता शिकता संशोधन करत होत्या. पेरूचा पाला, लसूण असल्या गोष्टी खाद्यातून दिल्या तर माशाच्या अंगी रोग सोसायचं बळ येतं का, हे त्यांना खऱ्या तलावात, खऱ्या थंडीत पाहायचं होतं. विद्यालयाच्या टाक्यांत त्यांनी ते पाहिलं होतं. त्या आल्या तेव्हा बकारामजींनी आपली बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, दाखवायला नकार दिला आणि म्हणाले, "माशाले आता चटणी चारता का, बाई?" मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "चारून पाहायचं आहे. उपयोग नाही झाला तर तसंही सांगेन." उपयोग नाही झाला तर तसं सांगेन, असं म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी त्यांना घरी जेवायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी गटातल्या बायांना बसवलं.

पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात, आणि गावात दर घरी जामाचं झाड. पाला तोडायचा, सावलीत वाळवायचा, कुटायचा, उकळून त्याचा काढा करायचा. लसूण वाटायचा. हे सगळं तांदळाच्या दाट पेजेत कालवून खाद्याच्या गोळ्यांना चोळायचं आणि पुन्हा सावलीत सुकवायचं. साध्या खाद्यालाही नुसती पेज चोळायची, म्हणजे दोन्हींत फरक राहिला तर तो फक्त पाल्याचा आणि लसणाचा. माप एकच, वेळ एकच, बोटुकली एकाच खेपेतली, आणि भुकटी कोणाच्याच पिंजऱ्यात नाही. माझं आंगण महिनाभर लसणानं घमघमत होतं. मालक विणता विणता म्हणायचे, नुसत्या वासानं भाकर खाल्ली तरी चालेल, भाजी नको.

आजार यायच्या आधी, अंगात थंडी भरायच्या आधी हे सुरू करायचं होतं. म्हणून दसऱ्यानंतर आम्ही चिंचोके काढले. पांढऱ्यावाल्या तिघी पाल्याचं खाद्य न्यायच्या, काळ्यावाल्या आम्ही तिघी साधं. दिवाळी गेली, धान कापणी झाली. मासे सगळेच सारखे दिसत होते. बाया कुरकुरू लागल्या, की पाला तोडून तोडून झाडं बोडकी झाली आणि पोरांना जाम खायला मिळणार नाहीत. मीच त्यांना धीर देत होते, आणि माझ्याच पिंजऱ्याला तो पाला नव्हता, याचं मलाही हसू यायचं.

पौषात थंडी अशी पडली की सकाळी पाण्यावरून वाफा निघायच्या. एका सकाळी देवांगना डोंगा वल्हवत माझ्याकडे आली आणि ओंजळ पुढे केली. ओंजळीत वीतभर लांबीचा रोहू. पोट लाल, शेपटीजवळ खड्डा पडलेला.

देवांगना नान्हे ही आमच्यात सगळ्यात अबोल. नवरा विटांच्या भट्टीवर दूर गेलेला, घरात म्हातारी सासू आणि दोन मुली. पिंजऱ्यावरच तिचं वर्ष निघायचं. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "आता?"

आठवड्याच्या आत काळ्या चिंचोक्याच्या तिन्ही पिंजऱ्यांत मासे पाण्यावर यायला लागले. पांढऱ्यांतही आले, पण एखाददुसरा. देवांगना रोज पाटी भरून मेलेले मासे काठावर आणायची आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायची. माझ्याकडेही मरत होते, पण तिच्याइतके नाहीत. माझं नशीब बरं, असं मला वाटलं.

मॅडम निरोप मिळताच आल्या. पाळीवरच्या कडुलिंबाखाली सगळ्या बसलो. साऱ्यांचं म्हणणं एकच होतं, की आता फरक दिसलाच आहे तर पाल्याचं खाद्य सगळ्याच पिंजऱ्यांना द्या. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की आजारी पडलेला मासा खातच नाही. जो खात नाही त्याच्या पोटात पाला जाणार कसा? हे बळ आधी अंगात मुरावं लागतं. आज द्यायला लागलो तर फार तर धडधाकट राहिलेल्यांना थोडा आधार मिळेल, तोही नक्की नाही. आणि एकदा सगळ्यांना सारखं दिलं, की पुढच्या वर्षी कोणी विचारलं, मासे पाल्यानं वाचले की थंडी ओसरली म्हणून वाचले, तर आपल्याकडे उत्तर नसेल.

"पण मासे तुमचे आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "द्यायचं ठरवलंत तर मी अडवणार नाही."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. बकारामजी जरा लांब उभे होते, हातात भुकटीची पिशवी. म्हणाले, अजून वेळ गेली नाही, घेऊन जा, फुकट देतो. ते वाईट माणूस नव्हते. खरंच द्यायला आले होते.

मी सांगितलं, माझ्या पिंजऱ्याला साधंच खाद्य राहील आणि भुकटीही नाही. बाकीच्या दोघींनी त्यांना वाटेल ते करावं. देवांगना उठता उठता म्हणाली, "तू करशील ते मी करीन." त्या शब्दांचं ओझं मी अजून विसरले नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्याकडचं मरण थांबलं. देवांगनाचं थांबलं नव्हतं, तिसऱ्या काळ्या पिंजऱ्याचंही नाही. तिघींचं पाणी एक, थंडी एक, खाद्य एक. मला आधी आनंद झाला आणि मग तो आनंद टोचायला लागला. एका दुपारी जाळी साफ करताना एका कोपऱ्यात अडकलेल्या दोन-तीन गोळ्या हाताला लागल्या. फुगलेल्या, हिरवट. मी नाकाशी धरल्या. लसूण.

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर, फटफटायच्या सुमाराला मी पाळीवर गेले. पिंजऱ्याशी डोंगा लागलेला होता. पुस्तकला पदर कमरेला खोचून उभी होती आणि टोपलीतून मूठ मूठ खाद्य माझ्या माशांना टाकत होती. तिनं मला पाहिलं आणि टोपली तशीच धरून राहिली.

पुस्तकला माझ्या घरात आली तेव्हा कोवळी पोर होती. मीच तिला जाळं गुंफायला शिकवलं. तिचं पहिलं बाळंतपण मी केलं. मालक आजारी पडले तेव्हा माझ्या मागे घर तिनं सांभाळलं. ती काठाला येईपर्यंत मी पाळीवरच उभी राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." ती खाली पाहत होती. "माझ्याच वाट्यातलं देत होते, बाई. दुसऱ्या कोणाचं नाही घेतलं. माझ्या माशाइले थोडं कमी टाकलं."

"काहून केलंस असं?"

"मागच्या साली तुमचे सारे मेले. भाऊजी घरात बसून आहेत. आता पुन्हा मेले तर तुम्ही काय खासान? चिंचोक्यानं ठरवलं म्हणून मी पाहत राहू का?"

मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे मी दोन्ही केलं नाही. तिला घरी जायला सांगितलं आणि तिथेच ओल्या पाळीवर बसून राहिले. कोणाला कळायचं कारण नव्हतं. माझे मासे वाचले असते. पण साधं खाद्य खाऊन मासे आपोआप तगले, असं त्यातून दिसलं असतं. म्हणजे पाल्याचा उपयोग होता त्याहून कमी दिसला असता, आणि मॅडमनी प्रामाणिकपणे तसंच लिहिलं असतं. खोटं कोणीच बोललं नसतं, तरी सगळं खोटं झालं असतं.

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारलं, "सांगणार आहेस?"

"हो."

"मग अर्धं सांगू नको," ते म्हणाले. "सांगायचं तर सारंच सांग. आपलंही."

मॅडम आल्या तेव्हा मी सगळ्यांना कडुलिंबाखाली बोलावलं. पुस्तकलेचं नाव घ्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. माझ्या पिंजऱ्यात सुरुवातीपासून पाल्याचं खाद्य पडत आलं आहे, तो काळ्यांत धरू नका, एवढंच मी म्हणाले. मॅडमचे तीन साधे पिंजरे होते, आता दोनच उरले. वर्षभराची धडपड त्यात गेली होती. त्यांनी विचारलं, कोणी टाकलं?

"मी टाकलं," पुस्तकला मागून बोलली आणि उभी राहिली.

त्यावर सगळ्यांत आधी उठली ती देवांगना. मी तिला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही ती मोठ्यानं बोलली नाही.

"जावेचे मासे मरताना तुले पाहवले नाहीत," ती पुस्तकलेला म्हणाली. "माझे पाहवले?"

पुस्तकलेनं तोंडावर पदर घेतला. देवांगना मग माझ्याकडे वळली. म्हणाली, मी तुझ्या तोंडाकडे पाहून साधं खाद्य ठेवलं, तुझे वाचले, माझे गेले. तू सांगितलंस हे बरं केलंस, पण माझी पाटी त्यानं रिकामी होत नाही. आता पुढच्या वर्षापासून सगळ्यांना पाला द्या आणि हा चिंचोक्याचा खेळ बंद करा. बाकीच्या बायांनी माना हलवल्या. मॅडमही म्हणाल्या, हरकत नाही, तुम्ही खूप सोसलंत.

तेव्हा मी मालकांनी सांगितलेलं उरलेलं अर्धं सांगितलं.

मालकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला हे गावाला माहीत होतं. तलावात शिंपल्यानं तळवा चिरला, जखम चिघळली, नागपूरच्या दवाखान्यात नेलं, पाय गेला. एवढंच लोक जाणत होते. तिथे काय झालं ते मी सांगितलं. डॉक्टरांनी एक औषध दिलं, चाललं नाही. दुसरं दिलं, चाललं नाही. तिसरं बाहेरून मागवेपर्यंत पाय काळा पडला होता. मग त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही तलावात काय टाकता? मी पिवळ्या भुकटीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जखमेतला जंतू पाण्यातला आहे आणि या जातीच्या औषधाला तो आधीच सरावलेला दिसतो. तुमच्या भुकटीमुळेच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझा संशय आहे.

"भुकटी साऱ्या गावानं टाकली," मी म्हणाले. "आम्हीही टाकली. नक्की माहीत नसताना कोणावर बोट ठेवायचं? म्हणून मी बोलले नाही, नुसती टाकणं सोडलं. तर मासे मेले, आणि भुकटीच खरी असं सगळ्यांना वाटलं. मी अंदाजानं टाकणं बघितलं आणि अंदाजानं सोडणंही बघितलं. आता मले अंदाज नको. पाल्यानं होते का नाही, हे मले माहीत पाहिजे. आपल्या पोरी याच पाण्यात उतरणार आहेत."

मागे उभे असलेले बकारामजी खाली बसले होते. आजही आणलेली भुकटीची पिशवी त्यांच्या पायाशी पडली होती. जाताना त्यांनी ती उचलली, पण पाण्याकडे नेली नाही.

मॅडमनी त्या वर्षीचं जे उरलं ते मांडलं. पाल्याच्या तीन पिंजऱ्यांत थोडे गेले, साध्या दोन पिंजऱ्यांत निम्म्याहून जास्त. माझा पिंजरा त्यांनी वगळला, आणि पुस्तकलेच्या माशांना खाद्य थोडं कमी पडलं होतं तेही लिहून ठेवलं. फरक डोळ्याला दिसत होता, तरी त्या म्हणाल्या, दोनच्या जोरावर मी ठाम बोलणार नाही, पुन्हा करावं लागेल. आजूबाजूच्या गावांत मात्र खापरटोल्याच्या बायांनी जामाच्या पाल्यानं मासे वाचवले अशी बातमी गेली, आणि लोक मेलेल्या माशांच्या बोडीत पाल्याचा काढा ओतून आमच्या नावानं शिव्या घालू लागले. मी आणि मॅडम गावोगाव जाऊन सांगत फिरलो, अजून थांबा, आणि ओतू नका, खाऊ घालायचा असतो, तोही आधी.

देवांगना पुस्तकलेशी बोलेनाशी झाली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुस्तकला वर्षभर तिच्या घरावरून मान खाली घालून जात होती. सणाला वाटी घेऊन गेली तर तिथल्या म्हाताऱ्या सासूनं दारातून घेतली, देवांगना बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि मॅडम पुन्हा लोटा घेऊन आल्या. सहाही जणी आल्या. कोण कोण येणार नाही याची मी आदल्या दिवसापासून धास्ती घेतली होती, पण सगळ्या आल्या. पहिला हात देवांगनाचा. काळा. ती तो तळहातावर घेऊन पाहत राहिली. मला पांढरा आला. पुस्तकलेला पांढरा.

पुस्तकला उठली, देवांगनासमोर जाऊन बसली आणि मॅडमना म्हणाली, "चिंचोका पिंजऱ्याचा असते का बाईचा?"

"पिंजऱ्याचा," मॅडम म्हणाल्या.

"मग माझा पिंजरा हिनं घ्यावा, हिचा मी घेते. त्यातले मासे माझे, माझ्यातले हिचे. पिंजरे आहेत तिथंच राहतीन, काही बदलत नाही." मग ती देवांगनाला म्हणाली, "मी एक मूठही पाला टाकणार नाही. तू पाहत राह्य."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हे ठरवणं माझ्याकडे नव्हतं. देवांगनानं काळा चिंचोका खाली ठेवला आणि पुस्तकलेच्या हातातला पांढरा उचलला.

त्या हिवाळ्यात रोग पुन्हा आला. दोन्ही वर्षं जोडून मॅडमना जे म्हणायचं होतं ते आता ठामपणे म्हणता आलं. पण तेव्हाही त्यांनी आम्हाला बजावलं, "पाला मासे वाचवतो असं सांगू नका. सोसायला बळ देतो असं सांगा. तेवढंच खरं आहे." पुढे हळूहळू तलावातून पिवळी भुकटी गेली. बकारामजींनी आपल्या बोडीकाठी जामाची झाडं लावली आणि कोणी विचारलं तर सावलीसाठी लावली असं सांगायचे. मालक पिंजऱ्यांच्या जाळ्या विणायचे, अजून विणतात.

पण मला आठवते ती त्याच हिवाळ्यातली एक सकाळ. धुकं उठत होतं. पुस्तकला काळ्या पिंजऱ्याशी डोंगा लावून वाकून मेलेले मासे काढत होती. पाटी भरली होती तरी पाण्यावर अजून होते. तिचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते. शेजारच्या पिंजऱ्यावर देवांगना आपल्या माशांना पाल्याचं खाद्य टाकत होती. ती थांबली. मग तिनं डोंगा फिरवून काठाला आणला, खाद्याची टोपली लांब पाळीवर माझ्याजवळ ठेवली, खाली बसून माती घेतली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घासून घासून धुतले. नखांतली हिरवट पेजही तिनं काडीनं काढली. पदराला हात पुसून ती पुन्हा डोंग्यात बसली आणि वल्हवत पुस्तकलेच्या डोंग्याला जाऊन लागली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "ती बाजू मी काढते."